गोणीतलं झाड

औषधी झाड माझ्यासमोर येतं ते गोणीत भरून. पान नाही, फूल नाही, फळ नाही. सालीचे वेडेवाकडे तुकडे, त्यांना चिकटलेली माती आणि गोणीच्या तोंडाला सुतळीने बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर बहुतेक वेळा हिंदीत लिहिलेलं असतं: 'कुडा छाल', 'अर्जुन छाल', 'अशोक छाल'. ती चिठ्ठी खरी की खोटी, हे सांगणं माझं काम. कल्याणला वनस्पतिशास्त्र शिकले आणि नोकरीची बहुतेक वर्षं भिवंडीच्या गोदामांत आयुर्वेदिक औषधांचा कच्चा माल तपासण्यात गेली.

भिवंडी म्हटलं की लोकांना यंत्रमाग आठवतात. पण मानकोली, दापोडे, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या गावांतून गेलं की दिसतात ती गोदामं, एकाला एक लागून. मुंबईच्या हद्दीबाहेर असल्यामुळे इथे माल उतरवला की जकात लगेच भरावी लागत नसे. भातशेतीची जमीन मिळत होती आणि नाशिकचा महामार्ग दारात होता. २०१७मध्ये जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, तरी गोदामं वाढतच राहिली. टीव्ही, साबण, धान्य, रसायनं यांच्याच रांगेत आमचा गाळा. ओळखायचा तो वासावरून. पावसाळ्यात सकाळी शटर वर गेलं की ओलसर, तुरट वास अंगावर येतो. शेजारच्या गाळ्यातले माथाडी कामगार तेवढ्यावरून सांगतात की मॅडमची गाडी लागली.

गाडी लागली की हमाल गोण्या उतरवून थप्पी लावतात. सगळ्या गोण्या उघडणं शक्य नसतं. म्हणून गोण्यांच्या संख्येचं वर्गमूळ काढायचं आणि त्यात एक मिळवायचा. शंभर आल्या तर अकरा उघडायच्या. प्रत्येकीतून वरचा, मधला आणि तळचा माल घ्यायचा. तळचा विसरायचा नाही, कारण चांगला माल नेहमी तोंडाशी भरलेला असतो. मग डोळे, नाक, जीभ आणि भिंग. त्यानंतर प्रयोगशाळा: १०५ अंश सेल्सिअसला सुकवून ओलावा काढायचा, साल जाळून राख मोजायची. आम्लात न विरघळणारी राख जास्त आली की समजायचं, गोणीत वाळू-माती आहे. पाण्यात किती अर्क उतरतो, अल्कोहोलमध्ये किती, तेही पाहायचं. शेवटी सिलिकाच्या पट्टीवर अर्काचे ठिपके द्यायचे आणि शेजारी अस्सल सालीचा अर्क ठेवून दोन्हींचे पट्टे जुळवायचे. आयुर्वेदिक फार्माकोपियात एकेका द्रव्याच्या मर्यादा छापलेल्या आहेत, त्यात बसलं तर माल पास.

हे सगळं ऐकून लोकांना वाटतं, हा कारकुनी उद्योग आहे. मुंबईच्या औषधबाजाराचा इतिहास पाहिला तर मोठमोठ्या लोकांनी हाच उद्योग केलेला दिसतो. डॉ. सखाराम अर्जुन यांनी १८७९मध्ये मुंबईत मिळणाऱ्या देशी औषधींची सूची छापली. विल्यम डायमॉक मुंबईत सरकारी औषधभांडाराचा अधिकारी होता, म्हणजे एका अर्थी गोदामवालाच. बाजारात एखाद्या नावाखाली नक्की कोणत्या झाडाचा कोणता भाग विकला जातो, याच्या नोंदी त्याने वर्षानुवर्षं केल्या. पुढे वॉर्डन आणि हूपर यांच्याबरोबर त्याने लिहिलेला 'फार्माकोग्राफिया इंडिका' हा ग्रंथ अशाच नोंदींवर उभा आहे. मला हाताशी धरायला या माणसांची पुस्तकं होती. त्यांना सतावणारा प्रश्न अजून तसाच आहे, हे मात्र रोजच्या कामातून कळत गेलं.

कुड्याचंच बघा. भिवंडी, वाडा, शहापूरच्या माळांवर आणि डोंगरउतारांवर पांढरा कुडा भरपूर होता, अजून आहे. उन्हाळ्यात पांढऱ्या फुलांनी तो लांबून ओळखू येतो. त्याच्या सालीचं कुटजारिष्ट आणि कुटजघनवटी होते, बियांना इंद्रजव म्हणतात. आव, रक्ती आव, जुनाट हगवण यांवर वैद्य हेच देतात. त्याच रानात काळा कुडाही असतो. तोही चिकाचा, तोही पांढऱ्या फुलांचा आणि लांब शेंगांचा. सुकलेल्या सालीच्या तुकड्यांत दोघांमधला फरक नवख्या डोळ्याला दिसत नाही. जिभेला मात्र कळतो. पांढऱ्या कुड्याची साल चावली की कडूपणा घशापर्यंत जातो आणि बराच वेळ तिथेच राहतो. काळा कुडा असा कडू नसतो.

चरकसंहितेच्या कल्पस्थानात कुटजासाठी स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात पुरुष-कुटज आणि स्त्री-कुटज असे दोन प्रकार सांगितले आहेत. पहिल्याची फळं मोठी, फुलं पांढरी, पानं गुळगुळीत. दुसऱ्याचा रंग सावळा, फुलं लालसर, फळं लहान. अभ्यासक या दोघांत पांढरा कुडा आणि त्याचे रानातले जोडीदार पाहतात. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथकाराला औषध सांगण्याआधी झाडाची ओळख सांगावीशी वाटली. त्याच ग्रंथात सुरुवातीलाच म्हटलं आहे की वनस्पतींची नावं आणि रूपं गुराख्यांना, शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांना आणि वनात राहणाऱ्यांना ठाऊक असतात. मात्र नुसत्या नावा-रूपाने भागत नाही, ते द्रव्य कसं, कुणाला, केव्हा योजायचं हे जाणणारा वैद्य लागतो. म्हणजे ओळख एकाकडे आणि योजना दुसऱ्याकडे, आणि औषध होण्यासाठी दोघंही हवेत.

आधुनिक औषधशास्त्रानेही कुडा सोडला नव्हता. १९२०च्या दशकात कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा यांनी देशी औषधींची रीतसर तपासणी सुरू केली, तिच्यात कुडा अग्रभागी होता. त्यातली अल्कलॉइड्स, विशेषतः कोनेसीन, अमीबावर काम करतात असं दिसलं आणि कुड्याची बिस्मथबरोबरची तयार औषधं ॲलोपॅथीच्या दवाखान्यांतही वापरली गेली. शुद्ध कोनेसीन दिल्यावर काही रुग्णांत निद्रानाश, अस्वस्थता अशा मेंदूशी संबंधित तक्रारी आल्या. १९६०च्या दशकात मेट्रोनिडाझोल आलं आणि कुडा त्या दवाखान्यांतून गेला. २००८मध्ये कोनेसीनचं नाव पुन्हा शोधनिबंधात आलं ते मेंदूतल्या हिस्टामीनच्या एका ग्राहकाला अडवणारा रेणू म्हणून. जुन्या डॉक्टरांनी नोंदवलेला निद्रानाश उगीच नव्हता. सालीतल्या अल्कलॉइडचं प्रमाण झाडाच्या वयाप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे बदलतं, हेही तपासणीतून पुढे आलं. चरक साल शरदात काढायला सांगतो. आमच्याकडे ती गाडीला भाडं परवडेल त्या महिन्यात येते.

गणेशपुरीच्या पलीकडच्या एका पाड्यावर साल गोळा करणारे एक कातकरी आजोबा होते. माल कुठून येतो ते बघायला मी त्यांच्याबरोबर रानात हिंडले. मी विचारलं, "बाबा, पांढरा आणि काळा लांबून कसा ओळखता?"

"ताई, शेंगा बघ. जोडीच्या शेंगा टोकाला चिकटल्यात ना, तो काळा. सुट्या लोंबतात तो आपला."

"आणि शेंगा नसतील तेव्हा?"

"तवा चावायचं."

माझ्या प्रयोगशाळेतल्या पहिल्या दोन पायऱ्या त्यांनी दोन वाक्यांत सांगितल्या. मग मी विचारलं, इतकं नेमकं माहीत असताना गोणीत दुसऱ्याची साल येते कशी. त्यांनी हातातला कोयता खाली ठेवला.

"गोणी भरल्याबिगर शेठ पैसं देत नाय. पांढरा लांब गेला, काळा जवळ हाय. पोराला सांगितलं भरून आण, तर पोरगा काय आणील?"

भेसळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एखादा लबाड व्यापारी येतो. तोही असतोच. पण बहुतेक भेसळ अशी अंतरातून होते. अस्सल झाड रस्त्यापासून दूर जात राहतं आणि दर किलोला तेवढाच राहतो. ते दूर का जातं, हेही त्या दिवशी दिसलं. घाईत साल काढणारे खोडाभोवती पूर्ण वळसा घेऊन ती सोलतात. असं झाड वाळतं. आजोबा खोडाच्या एका अंगाची उभी पट्टी घेत, आतला पातळ थर राखत आणि त्या झाडाला पुन्हा लगेच हात लावत नसत. अर्जुनाच्या झाडांवर मध्य भारतात झालेल्या अभ्यासांतूनही जवळपास हीच पद्धत सुचवली गेली आहे: घेराचा एक भागच सोलायचा, साल भरून आल्यावर दुसरी बाजू घ्यायची. अशाने दिवसभरात गोणी भरत नाही, एवढीच अडचण. आणि मजुरी गोणीवर आहे.

अशोकाची स्थिती याहून वाईट. स्त्रियांच्या विकारांवर दिलं जाणारं अशोकारिष्ट घरोघरी ठाऊक आहे. त्यासाठी हवा तो सीताअशोक, शेंदरी-लाल फुलांचा, सह्याद्रीच्या ओलसर दऱ्यांत ओढ्याकाठी वाढणारा. रानातली त्याची संख्या इतकी घटली आहे की जागतिक यादीत तो असुरक्षित गणला जातो. सोसायट्यांच्या कुंपणाला जो उंच, सरळ, लांब पानांचा 'अशोक' लावतात, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. तो निराळ्याच कुळातला. पण छाटणीत त्याच्या फांद्या आणि खोडं शहरभर फुकट मिळतात. २०१६मध्ये दक्षिण भारतातल्या बाजारांतून घेतलेल्या अशोकसालींचे डीएनए तपासणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाचपैकी चार नमुने अशोकाचे नव्हतेच.

अस्सल अशोकाच्या सालीची आतली बाजू तांबूस असते. तुकडा मोडला की तंतू सुटतात, बुचाच्या थराखाली एक पातळ पांढरट रेघ सलग दिसते आणि जिभेला तुरटपणा लागतो. एकदा आलेल्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. सिलिकाच्या पट्टीवरचं चित्रही साफ निराळं. पुरवठादाराला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, अशोक ही तो है." सोसायटीवाल्या अशोकाच्या अर्थाने तो खोटं बोलत नव्हता. माल मी नापास केला. काही आठवड्यांनी दुसऱ्या एका ठिकाणी तपासणीला गेले, तिथे त्याच गोण्या थप्पीला लागलेल्या होत्या. शिवण तीच, बारदानावरचा निळा डाग तोच, चिठ्ठी मात्र नवी. नापास केलेली गोणी नाहीशी होत नाही, ती पुढच्या गाळ्यात जाते. हे शिकायला मला फार वेळ लागला नाही, पण पचवायला लागला. आपल्याकडे आयुर्वेदिक औषध बनवायला परवाना लागतो, विकायला लागत नाही. त्यामुळे कारखान्याच्या दारातली तपासणी हीच बऱ्याचदा पहिली आणि शेवटची ठरते. ती एका ठिकाणी कडक आणि शेजारी सैल असली, तर कडक असणारा फक्त स्वतःपुरता सुटतो.

'आयुर्वेद विरुद्ध आधुनिक वैद्यक' हा वाद मी नेहमी गोदामाच्याच बाजूने ऐकते. अर्जुनाचं उदाहरण घेऊ. हृद्रोगात अर्जुनाची साल दुधात शिजवून द्यावी असं 'चक्रदत्त' या ग्रंथात आहे. १९९५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत, इतर औषधांना दाद न देणाऱ्या हृदयविकाराच्या १२ रुग्णांना सालीचा अर्क दिला आणि त्यांच्यात सुधारणा दिसली. २०१६मध्ये याहून मोठी, काटेकोर चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात पाण्यात काढलेला अर्क बारा आठवडे देऊनही हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता वाढलेली दिसली नाही. एक बाजू पहिली चाचणी मिरवते, दुसरी बाजू दुसरी. माझ्या मनात येतो तो गोदामातला प्रश्न: साल कुठली? अर्जुन नदीकाठचा, साल गुळगुळीत, फिकट, पापुद्रे सुटणारी. त्याचा भाऊबंद ऐन, मगरीच्या पाठीसारख्या भेगाळ सालीचा, आमच्या रानात जिथे बघावं तिथे. आणि साल अर्जुनाचीच असली तरी दुधात, पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये उतरणारे घटक सारखे नसतात. नीट केलेल्या चाचण्यांत साल ओळखून, अर्क प्रमाणित करूनच देतात. त्यामुळे मोठ्या चाचणीचा निकाल मी मानते, आणि नात्यातल्या कुणी अर्जुनासाठी हृदयाच्या गोळ्या बंद करायचं म्हटलं तर त्यांना रागावते. पण त्या चाचणीतला अर्क आणि दुकानातली बाटली एकच आहेत, असं कुणी गृहीत धरलं तर मला गप्प बसवत नाही.

गुग्गुळाची कहाणीही ऐकण्यासारखी आहे. १९६६मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाच्या वर्णनावरून सशांच्या रक्तातल्या चरबीवर गुग्गुळाचा परिणाम अभ्यासला. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत त्यावर काम झालं आणि १९८७मध्ये कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध म्हणून गुग्गुळाचा प्रमाणित अर्क भारतात बाजारात आला. २००३मध्ये अमेरिकेत झालेल्या चाचणीत मात्र घातक कोलेस्टेरॉल कमी होण्याऐवजी थोडं वाढलं. हे सगळं चाललं असताना कच्छ आणि राजस्थानात डिंकासाठी खोल चिरा मारून झाडं मरत होती. आज गुग्गुळ अतिसंकटग्रस्त आहे. औषध चालतं की नाही याचा निकाल लागायच्या आतच झाड संपायला आलं.

ज्यांना वाटतं की झाडं संपवण्याचा दोष फक्त पारंपरिक औषधांकडे आहे, त्यांना मी नरक्या दाखवते. सह्याद्रीतलं हे दुर्गंधी झाड जुन्या संहितांत कुणाच्या लेखी नव्हतं. १९६६मध्ये अमेरिकेत वॉल आणि वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हा कर्करोगाच्या पेशींवर काम करणारा रेणू वेगळा केला. १९७२मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तोच रेणू आपल्या नरक्यात असल्याचं दाखवलं. गोविंदाचारी त्या वेळी गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्राचे संचालक होते, म्हणजे भिवंडीहून तासा-दीड तासावर. पुढे त्या रेणूपासून तयार झालेली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं १९९६मध्ये अमेरिकेत मान्य झाली. अंडाशयाच्या आणि आतड्याच्या कर्करोगावर ती आजही दिली जातात. त्यांच्यामुळे माणसं जगली. आणि कोकणापासून घाटमाथ्यापर्यंत नरक्याची झाडं तोडून त्यांचे तुकडे परदेशी गेले. रेणू शोधणाऱ्याला आणि काढा करणाऱ्याला कच्चा माल त्याच रानातून, त्याच मजुराच्या कोयत्यातून मिळतो.

म्हणून मी हल्ली द्रव्याकडे बघताना सर्वांत आधी विचारते, झाडाचा कोणता भाग? हिरडा, बेहडा, आवळा यांची फळं घेतात, पुढल्या वर्षी ती पुन्हा लागतात. जुन्नर-आंबेगावच्या आदिवासींचा बाळहिरडा याच जोरावर टिकला. गुळवेल तोडली तरी पुन्हा फुटते. शहापूरच्या कातकरी तरुणांनी वनधन केंद्रातून ती गोळा करून, सुकवून थेट मोठ्या औषध कंपन्यांना विकून दाखवली. मधला शेठ त्यांनी वगळला. पण दशमुळातल्या टेटू, पाडळ, शिवण, बेल या झाडांची मुळं खणली की झाड उरतच नाही. आणि २०१७च्या राष्ट्रीय पाहणीनुसार वर्षाला शंभर टनांहून जास्त खपणाऱ्या औषधी वनस्पतींची संख्या २४२ आहे. त्यातल्या झाडांचं दुखणं असं की आज लावलेल्या रोपाची साल घ्यायला दहा-पंधरा वर्षं थांबावं लागतं आणि कारखान्याची मागणी पुढच्या महिन्याची असते.

घरी कुणी विचारतं, "काय गं, आयुर्वेदाची औषधं खरंच लागू पडतात का?" पूर्वी मी ग्रंथ आणि शोधनिबंध सांगत बसायचे. आता सांगते, मला त्या बाटलीतलं झाड दाखवा, मग बोलू. ही टाळाटाळ नाही. वैद्याचा अनुभव आणि औषधशास्त्राची चाचणी या दोन्हींचा भरवसा ज्या एका गोष्टीवर आहे, ती आपण सर्वांत स्वस्त माणसावर सोपवून दिली आहे. बाटलीवर घटकांची नावं, बॅच क्रमांक, तारीख आणि किंमत छापलेली असते. त्या साली कोणत्या तालुक्यातल्या, कोणत्या ऋतूत काढल्या, झाड उभं ठेवून की पाडून, हेही छापायची सक्ती करावी. मग कंपनीला तिथपर्यंत माणूस पाठवावा लागेल, रानातल्या ओळखीला दाम द्यावा लागेल आणि गोणीऐवजी झाडाप्रमाणे मजुरी ठरवावी लागेल. बाटली काही रुपयांनी महागेल. तेवढं महागलेलं औषध घ्यायला मी तयार आहे, कारण तेव्हा निदान मी नेमकं काय घेते आहे हे मला कळेल, आणि ते चालतं की नाही याची चर्चा तिथून पुढे सुरू करता येईल.